तिडके भाऊंनी लिहिलेला सोमवार

रंगनाथ तिडके यांच्याविषयी उभ्या नोकरीत कागदावर एकच ठळक ओळ लिहिली गेली, आणि त्या ओळीने त्यांची बढती घालवली. म्हणून त्यांच्याबद्दल काही लिहायला घेताना हात अडखळतो. पण हल्ली झोप लवकर येत नाही. घरात बोलायला कोणी नाही. आणि हे मला जिला सांगायला हवं, तिलाच सांगता येत नाही.

भाऊ मूळचे वणीकडचे. देवीच्या गडाच्या पायथ्याशी त्यांचं गाव, घरातले पहिले मॅट्रिक तेच. नाशिक रोडच्या एका सरकारी भांडारात कारकून म्हणून लागले आणि पस्तीस वर्षं माल मोजून घेणं आणि मोजून देणं, एवढंच केलं. माझे यजमान त्याच कचेरीत होते, त्यामुळे मी त्यांची वहिनी. १९९० साली हे अचानक गेले तेव्हा वेदिका अकरा वर्षांची होती. पेन्शनचे कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातात हे मला काही ठाऊक नव्हतं. भाऊ एकेक कागद घेऊन यायचे, माझी सही घ्यायचे, सायकलवर टांग टाकून निघून जायचे. सहाव्या महिन्यात पेन्शन सुरू झाली.

लग्नाआधी मी बी. ए. झाले होते आणि टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. एक जुना टाइपरायटर विकत घेतला आणि घरी कामं घ्यायला लागले. जेल रोडच्या मागच्या आमच्या कॉलनीत अर्ज, निवेदन, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, काही लागलं की लोक माझ्याकडे येत. दाखल्याचा मजकूर मला पाठ होता. 'मी यांना गेली अमुक वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्यांची वर्तणूक चांगली असून...' नाव, वर्षं बदलायची आणि खाली सहीला जागा सोडायची.

१९९२च्या उन्हाळ्यात भाऊ स्वतःचं काम घेऊन आले. त्यांच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडला होता. झालं होतं असं, की एका संध्याकाळी ट्रक आला आणि साहेबांनी त्यांना माल उतरण्याआधीच पोचपावतीवर सही करायला सांगितली. भाऊ म्हणाले, "आधी उतरू द्या." ट्रक रात्रभर उभा राहिला. सकाळी मोजला तेव्हा माल कमी भरला. त्याबद्दल पुढे कोणी अवाक्षर काढलं नाही. वर्षअखेरीला अहवालात मात्र ओळ आली, 'ताठर स्वभाव. पर्यवेक्षकीय जबाबदारीस अयोग्य.'

शेऱ्याविरुद्ध निवेदन करायला त्यांना सहा आठवड्यांची मुदत होती. ते निवेदन मी टाइप केलं. ट्रकचा नंबर, वेळ, किती नग कमी, सगळं चार पानांत लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं, तेही दीड ओळीचं. 'आपले निवेदन विचारांती फेटाळण्यात येत आहे.'

बढती त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. त्याच्या सत्काराचा हार आणायला भाऊच पंचवटीत गेले होते. सगुणाबाई, त्यांची मंडळी, माझ्याकडे पीठ चाळत बसल्या होत्या, म्हणाल्या, "हार पन लय भारी आनला ह्यांनी. मी म्हनलं साधा आनायचा ना. तर म्हनं, त्याची काय चूक?"

सगुणाबाई ९६ साली गेल्या. मुलगा शेखर सुरतेला स्थायिक झाला. भाऊ ज्या खुर्चीत होते त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी खोक्यातून काढलं नाही.

घरी बसवेना म्हणून त्यांनी सातपूरच्या एका कारखान्यात भांडारप्रमुखाचं काम धरलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. २००१ साली वेदिका इंजिनीअर झाली आणि शिकाऊ म्हणून त्याच कारखान्यात लागली, त्यातही पहिली दोन वर्षं भांडारात, भाऊंच्या हाताखाली. मला बरं वाटलं. पोरगी ओळखीच्या माणसाच्या नजरेसमोर होती. तिला मात्र भांडार आवडलं नव्हतं. "आई, मी काय बुश आणि वॉशर वाटायला इंजिनीअरिंग केलं का?" असं म्हणत डबा भरायची आणि पावणेसातची बस पकडायची.

२००४च्या पावसाळ्यात तिने सांगितलं की तिला एमबीए करायचं आहे. तेसुद्धा इथे नाही, दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या संस्थेत. मी 'कर' म्हटलं. इतक्या लांब का, हे विचारलं नाही.

या संस्थांचा अर्ज म्हणजे नुसता अर्ज नसतो, हे मला तेव्हा कळलं. परीक्षेचे गुण हवेतच, पण तीन निबंध हवेत. तुम्ही कोणत्या प्रसंगी पुढाकार घेतलात, कुठे चुकलात, हे शिक्षण तुम्हाला का हवं आहे. आणि दोन शिफारसपत्रं. वेदिका कामावरून आली की जेवायची आणि निबंध लिहायला बसायची. एकेका निबंधाचे आठ-आठ, नऊ-नऊ खर्डे. मी विचारायचे, "वाचू का?" ती म्हणायची, "अजून झालं नाही." ते कधी झालंच नाही. एका घरात दोन दिवे लावून आम्ही दोघी दोन खोल्यांत बसायचो.

आपण काहीतरी करावं म्हणून मी एक उद्योग केला. ओळखीतून एका शिक्षणसंस्थेच्या विश्वस्तांपर्यंत पोहोचले. मोठे गृहस्थ. त्यांचे चिटणीस म्हणाले, "बाई, तुम्हीच टाइप करून आणा, साहेब सही करतील." मी झकास टाइप केलं, सही-शिक्का घेतला आणि पाकीट वेदिकाच्या ताटाशेजारी ठेवलं.

तिने वाचलं. "हे त्यांनी लिहिलंय?"

"सही त्यांची आहे."

"आई, यातलं माझं नाव काढून तुझ्या दूधवाल्याचं घातलं तरी चालेल."

"मोठ्या माणसाचं वजन पडतं."

"तिथे नाही पडत. त्यांना असं माणूस हवं असतं ज्याने मला काम करताना पाहिलंय. चांगलं आणि वाईट, दोन्ही." पत्र घडी करून तिने मला परत दिलं. "एक पत्र मॅनेजरसाहेब देतायत. दुसरं तिडके काकांना सांगितलंय."

"भाऊ? त्यांनी तर कारखाना सोडला. आणि त्यांचं पद काय?"

"साहेबांनी मला पाहिलंय महिन्यातून पाच मिनिटं. काकांनी दोन वर्षं."

नोव्हेंबरात एका दुपारी भाऊ आले. वेदिका कामावर आहे, याची खात्री करूनच ते आत आले. हातात शिफारसपत्राचा फॉर्म. त्यावर छापलेली सूचना त्यांनी मला बोट ठेवून दाखवली, की मजकूर उमेदवाराला दाखवू नये, पाकीट बंद करून जोडावर सही करावी.

"हात थरथरतो हल्ली, वहिनी. सही कशीबशी होते. इंग्रजी वाचता येतं, पण आता लिहून होत नाही. तुम्ही टाइप करून द्याल का?"

"मी तिची आई आहे, भाऊ. चालेल का हे?"

त्यांनी सूचना पुन्हा एकदा वाचली. "नियमात उमेदवार म्हटलंय. आई म्हटलेलं नाही. तरी बरोबर नाही, मला कळतंय. पण दुसऱ्या कोणाला सांगू? शेखरला? तुम्ही फक्त तिला बोलायचं नाही. कधीच नाही."

मी कबूल केलं. फॉर्म चढवला. उमेदवाराचे गुण, या रकान्यात त्यांनी सांगितलं, "कामसू, वक्तशीर, प्रामाणिक." पुढचा रकाना होता उमेदवाराच्या उणिवेचा. एक ठळक उणीव लिहा, प्रसंगासह. ती दाखवून दिल्यावर उमेदवाराने काय केलं तेही लिहा.

"निरंक," भाऊ म्हणाले.

सरकारी कचेरीत ज्या रकान्यात काही लिहायचं नसतं तिथे हा शब्द टाकतात. मी बोटं उचलली. "भाऊ, वेदिका सांगत होती, उणीव रिकामी सोडली तर ते अर्ज बाजूला ठेवतात. म्हणतात, शिफारस करणारा एक तर ओळखत नाही, नाही तर लपवतो."

"मग ठेवू देत."

"असं कसं म्हणता? तिने वर्ष घातलंय यात."

"वहिनी," ते उठले, "मी कारखान्यात चार वर्षं होतो. माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. एकाच्याही कागदावर मी वाकडा शब्द लिहिला नाही. दारू पिऊन आलेल्याच्याही नाही. तोंडावर बोललो, शिव्या दिल्या, हाकलून दिलं. कागदावर नाही." त्यांनी यंत्रातून फॉर्म स्वतःच ओढून काढला. "माझं निवेदन टाइप करणाऱ्या तुम्हीच ना? मग मलाच हे सांगता?"

ते गेले. फॉर्मच्या कडेला सुरकुती पडली होती, तेवढीच मला आठवते. संध्याकाळी वेदिकाने विचारलं, "काका दिसले का गं? फॉर्म पाठवला असेल का त्यांनी?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक." अर्जाची शेवटची तारीख अठरा दिवसांवर होती.

पुढचे दोन आठवडे मी काय केलं असेल तर रस्त्याकडे बघितलं. भाऊ रोज सकाळी दूध आणायला आमच्या घरावरून जायचे. ते त्या दिवसांत पलीकडच्या गल्लीने जायला लागले. एकदा वाटलं, दुसरं पत्र कोणाकडून तरी घे, असं वेदिकाला सांगून टाकावं. पण सांगितलं तर का, ते सांगावं लागणार. तिने काकांच्या नावापुढे बरोबरची खूण करून अर्जाची यादी कपाटाच्या दाराला चिकटवली होती. रोज डबा भरताना ती माझ्या डोळ्यांसमोर यायची.

शेवटच्या तारखेला चार दिवस उरले तेव्हा भाऊ आले. खिशातून घड्या घातलेले फुलस्केप काढले. पेन्सिलने मराठीत लिहिलेलं, अक्षर हलत्या बसमध्ये लिहिल्यासारखं. "वाचा आधी," म्हणाले.

मी वाचलं. ते कागद पुढे त्यांनी परत नेले, पण मला ते अजून पाठ आहेत.

'सोमवार, दिनांक ११ मार्च २००२. त्याआधी शनिवार-रविवार कारखाना बंद असताना उमेदवाराने भांडारातील सर्व रॅक नव्याने लावले. क्रम कॉम्प्युटरमधील नंबराप्रमाणे. माझी परवानगी होती. सोमा यास मात्र विचारले नव्हते. सोमा हा भांडारात सतरा वर्षे आहे. कोणता माल कुठे, हे त्याच्या हातांना ठाऊक असते. सोमवारी सकाळी उत्पादनाच्या लाइनवरून सर्क्लिप (अडकवण्याची छोटी कडी) मागवली. सोमाने नेहमीच्या जागी हात घातला, तिथे वॉशर निघाले. तो या रॅकपासून त्या रॅकपर्यंत फिरू लागला. दाराशी माणसे जमली. लाइन दोन तास दहा मिनिटे उभी राहिली. उमेदवार सर्वांदेखत त्यास म्हणाली, वर पाटीवर लिहिलंय ना, वाचा की. सोमा यास वाचता येत नाही. सात महिने शेजारी काम करून हे तिला माहीत नव्हते. हा दोष आहे.'

मी तिथे थांबले. ११ मार्च २००२. त्या संध्याकाळी ती घरी आली असेल, मी कसली तरी भाजी केली असेल, ती जेवली असेल. मला काही म्हणजे काहीच आठवेना. तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी ओळखलं नव्हतं.

'मी तिला बोललो. दुसऱ्या दिवशी सोमा आला नाही. ती चौकशी करत मखमलाबादला त्याच्या घरी गेली. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी दोघे एका बसने आले. त्यानंतर नऊ दिवस ती वही घेऊन त्याच्या मागे फिरली. रॅक पुन्हा लावले, ते जुन्यासारखेही नाहीत आणि तिच्या पहिल्या मनासारखेही नाहीत. प्रत्येक पाटीला नंबराशेजारी त्या मालाचा एक नग तारेने बांधला. अजूनही ती घाई करते. माणूस समोर असताना कागदाकडे बघते. हे गेलेले नाही, कमी झाले आहे.'

"जमेल?" भाऊंनी विचारलं.

मी टाइप करायला बसले. फॉर्मच्या रकान्यात एवढं मावणार नव्हतं, वेगळा कागद जोडायचा होता. गुणांचा भाग झाला. सोमवारचा भाग आला आणि माझी बोटं त्यांच्या मनाने चालायला लागली. इंग्रजीत मी लिहिलं की उत्साहाच्या भरात तिच्याकडून सहकाऱ्याला विचारायचं राहून गेलं आणि थोडा खोळंबा झाला. 'वाचा की' हे वाक्य गाळलं. सात महिने गाळले. सोमाच्या घरी जाणं, तारेने बांधलेले नग, ते मात्र नीट सविस्तर लिहिलं.

भाऊंनी चष्मा लावून कागद हातात घेतला. एकेका ओळीखालून बोट सरकत होतं, आणि ते एका जागी थांबलं.

"हे मी लिहिलं नाही."

"अर्थ तोच आहे, भाऊ."

"नाही. उत्साह हा काय दोष आहे? लग्नाच्या स्थळाला सांगतात तसं झालं हे." त्यांनी कागद खाली ठेवला. "आणि सोमाला वाचता येत नाही, ते कुठं गेलं?"

"भाऊ, ती लोकं अनोळखी. ते वाचून ती कशी दिसेल? एवढ्या एका वाक्यासाठी..."

"तुम्हाला लय भ्या वाटतंय, मला कळतंय. मला नसंल वाटत?" रागावले की त्यांची भाषा वणीला जायची. "पंधरा दिवस झोपलो नाय मी. माझ्यावर जी ओळ लिहिली ना, ती खोटी नव्हती. मी ताठरच हाय. पण त्या ओळीत ट्रक नव्हता. ट्रक लिहिला असता त्या साहेबानं, तर वाचणाऱ्यानं ठरवलं असतं ताठर म्हणजे काय ते. तुम्ही पण आता तेच करताय. गोड शब्दात करताय, एवढंच. सोमवार लिहा. पूर्ण लिहा. नाय तर निरंक टाका, मी सही करतो."

मी पाण्याचं निमित्त करून आत गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. माझी मुलगी चार माणसांसमोर एका निरक्षर माणसाला 'वाचा की' म्हणाली, हे माझ्याच हातांनी टाइप करायचं होतं. बाहेर भाऊ खोकत होते. मी परत आले, नवीन कागद चढवला आणि त्यांनी लिहिलं होतं तसं, ओळीला ओळ, सगळं इंग्रजीत उतरवलं. त्यांनी पुन्हा बोटाने वाचलं. मग सही केली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून, दोन जागी, आणि तिसरी पाकिटाच्या जोडावर. रजिस्टर करायला ते स्वतः पोस्टात गेले.

जानेवारीअखेर वेदिकाला मुलाखतीचं बोलावणं आलं. फेब्रुवारीत ती पुण्याला मुलाखत देऊन रात्रीच्या जेवणाला घरी आली. मी विचारलं नाही. वरण वाढलं. तीच बोलली.

"आई, त्यांनी अर्धा तास एकाच गोष्टीवर विचारलं. निबंध बाजूलाच राहिले."

"कोणत्या?"

"भांडारात एकदा एक घोळ झाला होता. तुला नाही सांगितलं मी कधी." आणि तिने मला तो सोमवार सांगितला. पहिल्यापासून. मी पहिल्यांदा ऐकते आहे असा चेहरा करून ऐकत होते, मध्ये मध्ये 'अगं बाई' म्हणत होते. ती रॅकवर आली, सर्क्लिपवर आली, सोमा फिरायला लागला, दाराशी माणसं जमली. मग तिचा हात भातावर थांबला. क्षणभरच. "मग काय, लाइन दोन तास बंद," ती म्हणाली आणि पुढे मखमलाबादला गेली.

ते एक वाक्य तिने गाळलं. मीही तेच गाळलं होतं.

"तिडके काकांनी लिहून कळवलं सगळं," ती ताट उचलत म्हणाली. "निबंधात मी हे घातलं नव्हतं. ठरवून नव्हतं घातलं. एकदा मला विचारायचं तरी त्यांनी."

"विचारलं असतं तर?"

"नको म्हटलं असतं." नळ सोडून ती बराच वेळ एकच ताट घासत राहिली. "मी काही बोलणार नाही त्यांना, पण आपलं माणूस म्हणून सांगितलं होतं गं मी त्यांना."

निकालाला पाच आठवडे लागले. त्या दिवसांत वेदिका भाऊंच्या घरावरून जात नव्हती, भाऊ आमच्या घरावरून जात नव्हते, आणि मी दोघांच्या मधे उभी होते, दोघांनाही काही न सांगता. एकदा भाजीबाजारात भाऊ दिसले. खूप वाळले होते. मला बघून जवळ आले, म्हणाले, "काही कळलं?" मी नाही म्हटलं. "त्यांनी तेवढंच वाचलं असेल," ते म्हणाले. "पहिला अर्धा भाग. पुढचा वाचायला वेळ कोणाला असतो? मी त्या पोरीचं वाटोळं केलं, वहिनी." हातात मेथीची जुडी होती. ती तिथेच पाटीत ठेवून ते निघून गेले. भाजीवाली ओरडत राहिली, "ओ बाबा, पैशे दिले ना तुमी!"

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं. वेदिकाची निवड झाली होती. ती मला बिलगली आणि मीही रडले, कशासाठी ते वेगवेगळं करून सांगता येणार नाही. संध्याकाळी पेढे आणले. पहिला देवापुढे, दुसरा यांच्या फोटोपुढे. मग तिने खोका बांधला, चप्पल घातली.

"कुठे?"

"काकांकडे."

मी येते म्हणाले नाही. ती दोन तासांनी आली. जिन्यावर तिची पावलं हळू वाजत होती. आत येऊन पंख्याखाली बसली.

"काय म्हणाले भाऊ?"

"काही नाही. पत्र हातात दिलं तर त्यांनी आधी विचारलं, त्यांनी तो सोमवार वाचला का? मी म्हटलं, हो. तर म्हणाले, पूर्ण? म्हटलं, हो काका, पूर्ण. मुलाखतीत त्या नऊ दिवसांतल्या एकेका दिवसाचं विचारलं मला. सोमा आता काय करतो, तेपण विचारलं. मग ते चहा करतो म्हणून आत गेले. खूप वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी गेले बघायला. ओट्यासमोर उभे होते. पातेल्यात पाणी होतं, गॅस पेटवलेलाच नव्हता. मग मीच चहा केला."

"आणि?"

"प्यायलो दोघं."

"आणखी काही बोलले?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या पत्राचं इंग्रजी कोणाचं, हे तिने त्यांना विचारलं का, त्यांनी काय सांगितलं, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती म्हणाली, "दमले गं मी," आणि आत गेली.

एप्रिलमध्ये ती गेली. नाशिक रोडच्या फलाटावर तिला पोहोचवायला भाऊही आले होते, खिडकीपासून दोन पावलं मागे उभे होते. गाडी हलल्यावर आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी परतलो.

त्याला आता पाच महिने झाले. भाऊ आमच्याकडे येत नाहीत. वेदिका होती तोवर येण्याला काही ना काही निमित्त होतं. आता मी एकटी राहते, ते एकटे राहतात, मधे चार घरं आहेत, आणि टाइप करायला त्यांच्याकडे कागद उरलेला नाही. कामाशिवाय एकट्या बाईच्या घराचा जिना चढणारे ते नाहीत. मीही त्यांच्याकडे जात नाही. त्या दिवशी पेढ्यांचं निमित्त होतं, तेव्हा जाता आलं असतं.

रविवारी वेदिकाचा फोन येतो. पाच मिनिटं बोलते. तिला फार काम असतं, ते आवाजावरून कळतं. दर वेळी वाटतं, या वेळी सांगावं, की अगं, तो सोमवार मी तुझ्याआधी वाचला होता. तू गाळलेलं ते एक वाक्य मला माहीत आहे, आणि तरी तू मला तीच आहेस. पण मी भाऊंना शब्द दिला आहे, आणि तो मोडायला त्यांनाच विचारायला हवं.

काल सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. भाऊ दुधाची पिशवी घेऊन चालले होते, आता पुन्हा आमच्याच गल्लीने. थांबून त्यांनी वर बघितलं.

"पोरीचा फोन येतो का?"

"येतो, रविवारी."

"कामाचं विचारता का तिला? माणसं कशी आहेत बरोबरची?"

"विचारते. सांगत नाही फार."

"विचारत राहा," ते म्हणाले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पुढे गेले.